युगांडाच्या जंगलातला झिका पुण्यापर्यंत आला कसा, आणि कोल्हापुरात आम्ही घरी नेमके काय करावे?

राजारामपुरीकर:

नमस्कार. माझी लेक पुण्यात कोथरूडला राहते आणि तिला तिसरा महिना संपत आला आहे. 2024 च्या पावसाळ्यात एरंडवणे आणि आसपासच्या भागांत झिकाचे, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळालाही अपाय करू शकणाऱ्या आजाराचे, रुग्ण सापडले आणि त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या, हे तेव्हा वर्तमानपत्रांत वाचले होते. त्या वेळी ते दुसऱ्यांच्या घरचे वाटले, आता मात्र पावसाची पहिली सर आली की जीव धास्तावतो. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे हे ठरलेलेच आहे, पण आपल्याकडे साधारण सातव्या महिन्यात मुलीला आणतात. तिला आत्ताच कोल्हापूरला घेऊन यावे असे मला वाटते. जावईबापूंचे म्हणणे असे की डास इकडेही आहेत आणि तिकडेही आहेत, मग प्रवासाची दगदग कशाला. त्यातच शेजारच्या वहिनींनी काळजीपोटी विचारले की तिच्याबरोबर तो आजार आपल्या गल्लीत येणार नाही ना. त्यांच्या सुनेलाही दिवस गेले आहेत, त्यामुळे त्यांचे विचारणे मला गैर वाटले नाही, परंतु उत्तर काय द्यावे हे कळेना.

हा विषाणू मुळात आफ्रिकेतल्या जंगलातला आहे असे वाचले. मग तो इतकी वर्षे कुठे होता आणि अलीकडेच जगभर कसा पसरला? दुसरे असे की पालिकेची धुराची गाडी गल्लीतून फिरून गेली म्हणजे आपण निर्धास्त राहावे का? जाणकारांनी कृपया समजेल अशा भाषेत सांगावे.

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका:

ताई, तुम्ही शेवटी विचारलेले "कसा पसरला" हे मी आधी घेते, कारण वहिनींना द्यायचे उत्तरही त्यातच आहे.

1947 साली युगांडातील एंटेबीजवळच्या झिका नावाच्या जंगलात पीतज्वराचा अभ्यास सुरू होता. त्यासाठी झाडांवर बांधलेल्या मचाणांवर पिंजऱ्यात माकडे ठेवत आणि त्यांना ताप आला की रक्त तपासत. अशाच एका माकडाच्या रक्तात हा नवा विषाणू सापडला, आणि पुढच्याच वर्षी त्याच जंगलातल्या एडिस जातीच्या डासांतही तो मिळाला. 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, सुरू झाले. तिथल्या सुरुवातीच्या तपासण्यांत भारतातील काही लोकांच्या रक्तातही झिकाविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने, दिसली होती. ही प्रतिपिंडे डेंग्यूसारख्या नात्यातल्या विषाणूंशीही जुळतात, म्हणून त्या निष्कर्षावर फार भार टाकता येत नाही, पण आशियात या विषाणूचा शोध तेव्हापासून घेतला जात होता, एवढे त्यातून दिसते. 1966 मध्ये मलेशियात तो शहरी डासातही सापडला. तरीसुद्धा 2007 पर्यंत साऱ्या जगात नोंदले गेलेले झिकाचे रुग्ण पंधरासुद्धा नव्हते. दोन दिवस ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, आणि माणूस बरा. असा आजार कोण नोंदवणार?

2007 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मायक्रोनेशियामधील याप या लहानशा बेटावर साथ आली. प्रयोगशाळेत खात्री झालेले रुग्ण फक्त 49 होते, परंतु नंतर घरोघरी रक्त तपासले तेव्हा तीन वर्षांवरील सुमारे 73 टक्के लोकांना बाधा होऊन गेल्याचा अंदाज निघाला. मृत्यू एकही नाही, रुग्णालयात कोणी दाखल नाही. त्यामुळे जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि मला वाटते इथेच पहिली संधी हुकली. 2013-14 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात मोठी साथ आली, तेव्हा गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, 42 रुग्ण आढळले. जेमतेम पावणेतीन लाख वस्तीच्या बेटांवर इतके रुग्ण हे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होते. मे 2015 मध्ये ब्राझीलमध्ये झिकाची खात्री झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ईशान्य ब्राझीलमधल्या, विशेषतः पर्नांबुको राज्यातल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की डोक्याचा घेर फारच लहान असलेली बाळे एकापाठोपाठ एक जन्माला येत आहेत. 1 फेब्रुवारी 2016 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. ती 18 नोव्हेंबरला उठली, पण विषाणू गेला नव्हता, आणि आजवर ऐंशीहून अधिक देशांत व प्रदेशांत त्याच्या प्रसाराची नोंद झाली आहे. ब्राझीलनंतर पॉलिनेशियातल्या डॉक्टरांनी आपले जुने कागद पुन्हा उघडले, तेव्हा तशी बाळे तिथेही जन्मली होती हे उघड झाले. विषाणूच्या जनुकीय अभ्यासावरून तो ब्राझीलमध्ये ओळखला जाण्याच्या वर्षभराहून आधीच येऊन पोहोचला होता असे दिसते.

इतक्या उशिरा आणि इतक्या वेगाने हे का घडले, याचा विचार करताना लोक विषाणूकडे पाहतात. मी आधी डासाकडे पाहते. झिका मुख्यतः पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास स्वतःच्या पंखांवर फार लांब जात नाही. तो आयुष्यभर साधारण आपल्याच गल्लीत, दोन-तीनशे मीटरच्या आत राहतो. समुद्र ओलांडला तो माणसाने. काही शतकांपूर्वी गुलामांना घेऊन जाणाऱ्या जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून हा डास आफ्रिकेतून अमेरिका खंडात गेला, आणि आता विमानातून माणसाच्या रक्तातून विषाणू त्याच्या मागोमाग जातो. ब्राझीलने कसोशीने मोहीम चालवून हा डास देशातून हद्दपार केला होता आणि 1958 मध्ये तसे जाहीरही झाले होते. पुढे मोहीम थंडावली, डास परतला, शहरे वाढली, आणि झिका पोहोचला तेव्हा त्याच्यासाठी सगळी तयारी झालेली होती. याच वाटेने चिकुनगुन्याही फिरला. 1973 मध्ये आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली, त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ देशात त्याची मोठी साथ नव्हती, आणि 2005-06 मध्ये तो असा परतला की त्या काळात सांधे धरून बसलेली माणसे अनेकांना अजून आठवत असतील.

भारतात 2017 मध्ये अहमदाबादचे रुग्ण जाहीर झाले, 2018 मध्ये जयपुरात मोठा उद्रेक झाला, 2021 मध्ये केरळ आणि कानपूर. त्याच वर्षी जुलैअखेरीस महाराष्ट्रातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. 2023 मध्ये इचलकरंजीतही रुग्ण आढळले. तेव्हा तो कोल्हापूर जिल्ह्यात कोणाच्या लेकीबरोबर पहिल्यांदा येणार आहे, असे मुळीच नाही.

बाधा झालेल्या पाचांपैकी चौघांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत, म्हणून ताप तपासून कोणत्याही विमानतळावर किंवा वेशीवर हा आजार अडवता येत नाही. माणसाच्या रक्तात विषाणू साधारण आठवडाभर असतो. त्या दिवसांत एडिस चावला, त्याच्या शरीरात विषाणू आठ-दहा दिवस वाढला, आणि मग तोच डास दुसऱ्याला चावला, तर साखळी पुढे सरकते. गल्लीत एडिस नसेल तर ती तिथेच तुटते. वहिनींना हेच सांगा, आणि दोघी मिळून आपापल्या घरातली पाण्याची भांडी तपासा.

निवृत्त आरोग्य निरीक्षक, करवीर:

मॅडमनी जिथे सोडले तिथून पुढे सांगतो. हिवताप आणि डेंग्यूच्या कामात माझी नोकरी गेली, त्यामुळे पुस्तकापेक्षा घराघरांतल्या मोऱ्या मी जास्त पाहिल्या आहेत.

धूरफवारणीने उडणारे डास मरतात, तेही धूर त्यांच्यापर्यंत पोहोचला तर. एडिस रस्त्यावर नसतो. तो पलंगाखाली, खुंटीला टांगलेल्या कपड्यांमागे, कपाटाच्या फटीत, काळोख्या मोरीत बसतो. गाडी येते तेव्हा लोक दारे-खिडक्या लावून घेतात आणि धूर गल्लीतून निघून जातो. शिवाय अंडी आणि अळ्यांना धुराने काहीही होत नाही. साथ पेटलेली असताना धूरफवारणीला जागा आहे, परंतु तिच्या भरवशावर गरोदर मुलीला निर्धास्त ठेवू नये.

खरे काम अळीचे आहे. एडिसची मादी गटारात किंवा पंचगंगेच्या पात्रात अंडी घालत नाही, तिला साठवलेले, संथ, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. दुपारी हातात टॉर्च घ्या आणि अंगणातल्या बॅरलचे झाकण हळूच उचला. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडून लोंबकळत, डोके खाली करून असतात. प्रकाश किंवा सावली पडताच वळवळत तळाशी जातात आणि मिनिटभरात श्वासासाठी पुन्हा वर येतात. म्हणून वरवर पाहून "आमच्याकडे काही नाही" असे म्हणायचे नसते, थोडे थांबायचे असते. सर्वेक्षणाला गेल्यावर घरातल्या बाईंना अळ्या पांढऱ्या वाटीत काढून दाखवल्या की पुढचे काही सांगावेच लागत नसे.

अंड्यांचे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या बाजूला चिकटवते. काळ्या, खसखशीहूनही बारीक अशा त्या कणांना लोक मळ समजतात. बॅरल रिकामे करून उन्हात पालथे घातले तरी ती मरत नाहीत. सुक्यात कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. यामुळेच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना भांडे नुसते ओतून भागत नाही, काथ्याने किंवा तारेच्या घासणीने आतून, विशेषतः काठाजवळ, खसखसून घासावे लागते. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम आहे. पंधरवड्याने केले तर मधल्या काळात एक पिढी उडून जाते.

तुमच्या घरी काय काय पाहावे? माझ्या अनुभवात लोक हौद आणि टाकी सांगितल्यावर तपासतात, पण फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लँटची बाटली, पावसाळ्यात गच्चीवर पडलेला कूलर, देवघरामागचा न वापरलेला तांब्या आणि बांधकामाच्या ठिकाणचे पाणी राहून जाते. उद्यमनगरच्या बाजूला किंवा हायवेलगत टायरची दुकाने असतील तर त्यांच्याकडे वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना घेऊन जा. टायरच्या आत साचलेले पाणी कसेही उलटे केले तरी पूर्ण निघत नाही, आणि एडिसचाच भाऊ असलेला आशियाई टायगर डास तर जुन्या टायरांच्या व्यापारातूनच अमेरिकेत आणि युरोपात पोहोचला. 2019 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये परदेशी न गेलेल्या लोकांना झिका झाला, तो याच डासाने पसरवला असे मानतात.

आपल्याकडे आषाढात धो-धो कोसळतो तेव्हा बाहेरची भांडी वाहून धुतली जातात. श्रावणापासून ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत, एडिस सर्वांत जास्त असतो. तुमच्या मुलीचे सहावा-सातवा महिना नेमके त्याच दिवसांत येत असतील, तर ती इथे असो वा पुण्यात, दोन्ही घरी ही कामे झाली पाहिजेत.

इचलकरंजीकर:

सरांचे सगळे पटते, फक्त एका गोष्टीवर नम्रपणे बोलतो. "पाणी साठवू नका" हे ज्यांच्या नळाला रोज पाणी येते त्यांना सांगणे सोपे आहे. आमच्याकडे नळाला पाणी येण्याच्या दोन दिवसांत कितीतरी दिवसांचे अंतर पडते. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या कुटुंबाला पाणी येईल तेव्हा घरातली घागर, बादली, बॅरल, झालेच तर पातेलीसुद्धा भरून ठेवावी लागतात, आणि पुढचे पाणी येण्याआधी बॅरल घासण्यासाठी रिकामे करायचे म्हणजे प्यायचे पाणी ओतून द्यायचे. सर्वेक्षणाला आलेल्या आशाताई अळ्या सापडल्या की बॅरल पालथे करायला सांगतात, तेव्हा आमच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही.

मॅडमनी ईशान्य ब्राझीलचा उल्लेख केला. तिथेही ज्या वस्त्यांत अशी बाळे जास्त जन्मली त्या बहुतांशी गरिबांच्या होत्या आणि तिथे नळाचे पाणी अधूनमधूनच येत असे, म्हणून लोक साठवून ठेवत. ते वाचताना मला आमचीच गल्ली दिसली. कोल्हापूर शहराला काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी 2023 च्या दिवाळीत मिळाले, त्याचा आनंदच आहे. परंतु डासांच्या आजारावर बोलताना जबाबदारी घरातल्या बाईच्या घासणीवर येऊन थांबते आणि पाणीपुरवठ्याचे नाव कोणी घेत नाही, हे मला मनापासून खटकते. झिका रोखण्याचे औषध म्हणून रोज, ठरल्या वेळी येणारे पाणी मोजले पाहिजे.

निवृत्त आरोग्य निरीक्षक, करवीर:

दादा, तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि ते आमच्या खात्याच्या बैठकांतही अनेकांनी मांडलेले आहे. पाणी रोज येईपर्यंत काय करायचे, तेवढे सांगतो. प्यायचे पाणी ओतू नका. बॅरलच्या तोंडावर जुन्या सुती साडीचे दुहेरी कापड ताणून बसवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने कडेने घट्ट आवळा. नुसते झाकण ठेवले तर फटीतून मादी आत जाते. पाणी काढताना कापड पूर्ण सोडू नका, एका बाजूने उचला. वापरायच्या पाण्यात अळ्या दिसल्या तर तेच पाणी कापडातून गाळून घ्या आणि अळ्या जमिनीवर टाका, त्या तिथेच मरतात. घासायच्या वेळी एकेक भांडे पाळीपाळीने रिकामे होईल असे वापरा. मोठ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडता येतात. ते आरोग्य केंद्रात मिळतात. अबेटिंगला, म्हणजे पाण्यात अळीनाशक औषध टाकायला, कर्मचारी आले तर सांडपाण्याच्या आणि वापराच्या साठ्यात ते करून घ्या.

राजारामपुरीकर:

सर्वांचे मनापासून आभार. आज शेजारच्या वहिनी आणि मी मिळून दोन्ही घरांच्या गच्च्या पाहिल्या. माझ्याकडे कुंडीखालच्या दोन ताटल्यांत आणि त्यांच्याकडे कूलरमध्ये अळ्या निघाल्या. दोन शंका राहिल्या. लेक इथे आली तरी जावई पुण्याहून शनिवार-रविवारी येत-जात राहतील, त्याने काही बिघडते का? आणि तिला ताप आला तर कोणती तपासणी, कधी करायची?

स्त्रीरोगतज्ज्ञ, ताराबाई पार्क:

जावयांविषयीचा प्रश्न बरेच जण संकोचाने विचारत नाहीत, म्हणून स्पष्ट सांगते. झिका डासाखेरीज शरीरसंबंधातूनही पसरतो आणि पुरुषाच्या वीर्यात तो रक्तापेक्षा बराच जास्त काळ राहू शकतो. पुण्यात साथ सुरू असेल आणि जावई तिथे राहत असतील, तर बाळंतपण होईपर्यंत त्यांनी निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत. त्यांना ताप किंवा पुरळ नसले तरीही हे पाळायचे आहे. एका घरात राहणे, एकत्र जेवणे, शिंकणे-खोकणे यांतून तो पसरत नाही, त्यामुळे त्यांच्या येण्याजाण्याला काहीच हरकत नाही.

मुलीला आत्ता आणायचे की नंतर, हे केवळ झिकाच्या भीतीने ठरवू नका. तिची तपासणी जिथे नियमित चालू आहे आणि जिथे घरात डास कमी आहेत, तिथे तिने राहावे. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवस कलताना, म्हणून दुपारी आडवी झाली तरी मच्छरदाणी लावायची, अंगभर सुती कपडे घालायचे, आणि डीईईटी हे डासांना दूर ठेवणारे रसायन असलेले मलम वेष्टनावरील सूचनेप्रमाणे उघड्या अंगाला लावायचे. गरोदरपणात ते चालते.

ताप, पुरळ, डोळे लाल होणे किंवा सांधेदुखी यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि आपण गरोदर असल्याचे व पुण्याहून आल्याचे आवर्जून सांगा. आरटी-पीसीआर तपासणीसाठी रक्ताचा नमुना लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घ्यावा लागतो. लघवीत विषाणू त्यापुढेही काही दिवस सापडू शकतो, म्हणून दोन्ही नमुने द्यावेत. शासकीय यंत्रणेमार्फत नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवता येतात, त्यासाठी सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. त्याच वेळी डेंग्यू आणि चिकुनगुन्याचीही तपासणी करून घ्या, कारण सुरुवातीला तिन्ही सारखेच दिसतात. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके देऊ नका. तापाला पॅरासिटामॉल पुरे. झिकावर लस नाही आणि खास औषधही नाही.

2024 मध्ये पुण्याच्या आकड्यांत गरोदर स्त्रिया इतक्या का दिसल्या, तेही सांगते. रुग्ण सापडलेल्या परिसरातल्या गरोदर स्त्रियांची तपासणी मुद्दाम केली जात होती. त्याच जुलैच्या सुरुवातीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही राज्यांना गरोदर स्त्रियांच्या तपासणीची सूचना दिली होती. ज्यांना शोधले त्या सापडल्या, हे लक्षात घेऊन ते आकडे वाचावेत. बाधा झालेल्या मातांच्या बाळांपैकी साधारण 5 ते 15 टक्के बाळांत झिकाशी संबंधित दोष आढळतात. पहिल्या तिमाहीतल्या बाधेत धोका जास्त असतो, पण बाधा झाली म्हणजे बाळाला व्यंग येणारच, असे नाही.

तपासणी पॉझिटिव्ह आलीच तर एका सोनोग्राफीवर समाधान मानू नका. डोक्याच्या वाढीतला फरक अनेकदा पाचव्या महिन्यात दिसत नाही, सातव्याच्या आसपास लक्षात येतो, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोक्याचा घेर मोजत राहावा लागतो. तिची आतापर्यंतची फाइल येताना बरोबर आणायला सांगा, म्हणजे पुढची मापे आधीच्या मापांशी ताडून पाहता येतील.